यादीतून पेट्या वगळताना झालेली चूक: लिस्ट, सेट, डिक्शनरी यांची निवड तुम्ही कशी करता?

कलमबाग | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

देवगड तालुक्यातील बागायतदारांच्या एका संस्थेसाठी मी दोन हंगामांपासून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम सांभाळतो. बागेतून पेटी आली की तिला क्रमांक मिळतो आणि बागायतदाराचा खाते क्रमांक, डझन व वजन यांची नोंद होते. त्यानंतर तपासणारी माणसे पेंढा बाजूला करून फळ पाहतात आणि डागी किंवा चीक लागलेला आंबा निघाला तर त्या पेटीवर ‘परत’ अशी खूण करतात. संध्याकाळी प्रोग्राम परतीच्या पेट्या यादीतून वगळतो आणि उरलेल्यांची यादी वाशीला जाणाऱ्या गाडीबरोबर देतो.

एप्रिलमध्ये एका सकाळी वाशीहून फोन आला की यादीत ४१२ पेट्या आहेत, पण गाडीत ४०९ भरल्या. गाडी भरणाऱ्यांवर आळ येण्याआधी मी यादी आणि तपासणीची वही समोरासमोर ठेवली. २१४ ते २१९ या सहा पेट्या एकाच बागेतल्या होत्या आणि सहाही परत केलेल्या होत्या. यादीतून २१४, २१६ आणि २१८ गेल्या होत्या. २१५, २१७ आणि २१९ मात्र तशाच राहिल्या होत्या.

चूक माझ्या लूपमध्ये, म्हणजे यादीतली एकेक पेटी क्रमाने पाहणाऱ्या भागात होती. ज्या लिस्टवरून लूप फिरत होता, त्याच लिस्टमधून मी पेट्या काढत होतो. पहिल्या जागेवरची पेटी काढली की मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकतात, लूप मात्र पुढच्या जागेकडे जातो, आणि नुकतीच सरकून आलेली पेटी न पाहताच राहून जाते. एरवी परतीच्या पेट्या विखुरलेल्या असत, त्यामुळे न पाहिलेली पेटी नेमकी चांगली निघे आणि निकाल बरोबर येई. म्हणून दोन हंगाम हे कोणाच्याही लक्षात आले नाही.

दुरुस्ती मी केली आहे, पण त्यानिमित्ताने दोन प्रश्न विचारतो. वस्तूंचा समूह हाताळायचा असेल तेव्हा लिस्ट (क्रमाने लावलेली यादी), सेट (प्रत्येक वस्तू एकदाच असलेला समूह), डिक्शनरी (एका किल्लीवरून तिची माहिती देणारा समूह) यांपैकी काय घ्यायचे, हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि जूनपासून माझ्याकडे बारावी झालेली दोन मुले शिकायला येणार आहेत. त्यांना यातले आधी काय शिकवावे?

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ९:४८

तुम्ही कारण अचूक ओळखले आहे. आणखी एक गोष्ट तपासून पाहा. काढण्यासाठी तुम्ही लिस्टचे ‘रिमूव्ह’ वापरत असाल, तर ते हातातली पेटी काढत नाही. तिच्यासारखी दिसणारी पहिली पेटी सुरुवातीपासून शोधून काढते. दोन नोंदी अक्षरशः सारख्या असतील तर भलतीच जाते. शिवाय प्रत्येक वेळी नव्याने शोध होत असल्याने यादी मोठी झाली की वेळही वाढतो.

माझा शिरस्ता असा आहे की जुनी यादी जशीच्या तशी ठेवायची आणि ज्या पेट्या पुढे पाठवायच्या आहेत त्यांची नवी यादी अट घालून तयार करायची. ‘काय काढायचे’ असा विचार सोडून ‘काय ठेवायचे’ असा विचार केला की ही चूक संभवतच नाही, आणि वाचणाऱ्यालाही एका ओळीत अर्थ कळतो.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री १०:१५

कलमबागदादा, मी प्रोग्रामर नाही, चिपळूणला हिशेबनीस म्हणून काम करते. परंतु हीच चूक मला एक्सेलच्या मॅक्रोमध्ये भेटली आहे. रिकाम्या ओळी काढून टाकणारा मॅक्रो मी वरून खाली चालवत होते. लागोपाठ दोन ओळी रिकाम्या असल्या की दुसरी राहून जाई, आणि मी तो पुन्हा पुन्हा चालवून यादी स्वच्छ करत असे. तीन वेळा चालवावा लागतो, अशीच माझी समजूत होती. पुढे एका सहकाऱ्याने शेवटच्या ओळीपासून वर येत काढायला सांगितले आणि प्रश्न मिटला. खालची ओळ गेली तरी वरच्या, अजून पाहायच्या ओळींचे क्रमांक बदलत नाहीत, हे त्याचे कारण आहे, हे आज तुमचे लिखाण वाचून नीट समजले.

हर्णैवाला | रविवार, रात्री १०:२२

ताईंनी सांगितलेला उलट फिरण्याचा उपाय पायथनमध्येही चालतो, मात्र तेथे इंडेक्सने, म्हणजे जागेच्या क्रमांकाने फिरावे लागते.

पालशेत | सोमवार, सकाळी ७:३०

मी मूळचा गुहागरचा, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि दिवसभर जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. जावात १९९८ साली १.२ आवृत्तीबरोबर कलेक्शन्सची, म्हणजे वस्तूंच्या समूहांची सुसंगत रचना आली. तिची आखणी जोशुआ ब्लॉक यांनी केली होती. त्या रचनेत ॲरेलिस्टवर (जावाच्या नेहमीच्या लिस्टवर) लूप फिरत असताना कोणी त्या लिस्टमध्ये भर घातली किंवा काही काढले, तर पुढचा घटक मागताच प्रोग्राम थांबतो आणि ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन’ अशी एरर देतो. पायथनची डिक्शनरी आणि सेटही फिरताना आकार बदलला तर अशीच तक्रार करतात. पायथनची लिस्ट मात्र गप्प राहते, आणि कलमबाग यांना फसवले ते या गप्प राहण्यानेच.

तरीही जावाच्या एररवर पूर्ण भरवसा ठेवू नये, असे मी अनुभवाने सांगतो. शेवटून दुसरा घटक काढला, तर एरर येतच नाही. लूप ‘पुढे काही आहे का’ हे आपण किती पुढे आलो आणि लिस्ट केवढी आहे यांची तुलना करून ठरवतो. तो घटक गेल्याने दोन्ही आकडे नेमके सारखे होतात, लूप समाधानाने संपतो आणि शेवटचा घटक न तपासताच राहतो. आमच्या चाचण्यांमध्ये तीन घटकांची यादी होती आणि काढायचा घटक नेमका मधला होता, म्हणून चाचणी उत्तीर्ण होत राहिली. आता आम्ही जावा ८ मध्ये आलेले ‘रिमूव्ह इफ’ वापरतो. त्याला केवळ अट द्यायची असते. फिरण्याची आणि काढण्याची जबाबदारी लिस्ट स्वतः घेते.

लोखंडी_नांगर | सोमवार, सकाळी ९:०५

माझे मत थोडे वेगळे आहे. माणसाने लक्षात ठेवावे आणि माणसाने काळजी घ्यावी, यावर किती दिवस विसंबून राहायचे? सी प्लस प्लस या भाषेत व्हेक्टरमधून (तिथल्या लिस्टमधून) घटक काढला की त्या जागेपासून पुढचे सगळे इटरेटर, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा, निकामी होतात, आणि ते निकामी झाल्याचे कोणीही सांगत नाही. प्रोग्राम कधी बरोबर चालतो, कधी कोसळतो. मी यात अनेक रात्री घालवल्या आहेत. रस्ट या भाषेत ज्या समूहावरून तुम्ही फिरत आहात तोच समूह त्याच वेळी बदलायला गेलात, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा तयारच होत नाही. त्यासाठी ‘रिटेन’ नावाची सोय आहे, आणि तिचे नावसुद्धा खाडीपलीकडे यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘काय ठेवायचे’ हेच सांगते. चूक गाडी वाशीला पोहोचल्यावर कळण्यापेक्षा लिहितानाच कळावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

खाडीपलीकडे | सोमवार, सकाळी ११:४०

नांगर यांचे म्हणणे तत्त्वतः मला मान्य आहे, पण कलमबाग यांच्या परिस्थितीत ते लागू पडत नाही. हंगाम सुरू आहे, प्रोग्राम पायथनमध्ये आहे, आणि सुटीच्या दिवशी काही बिघडले तर तालुक्यात ते दुरुस्त करू शकणारी दुसरी व्यक्ती पायथनच जाणणारी असेल. ज्या भाषेत काम चालते त्या भाषेत सवय बदलणे आज शक्य आहे. भाषा बदलणे पुढच्या पावसाळ्यातले काम आहे.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी १:२०

सर्वांच्या बोलण्यात सेटचा उल्लेख येतो. मला एवढे कळले की सेटमध्ये एक वस्तू एकदाच राहते. परंतु तो ‘शोधायला जलद’ असतो म्हणजे काय? शोधायचे तर एकेक वस्तू पाहावीच लागणार, असे मला वाटते.

टपालखण | सोमवार, सायंकाळी ६:१५

ताई, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणक विषय शिकवतो आणि माझे वडील टपाल खात्यात होते.

टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करण्यासाठी खणांचे मोठे कपाट असते. पत्र हातात आले की माणूस पत्ता वाचतो आणि कोणत्याही खणात न डोकावता सरळ योग्य खणात पत्र टाकतो. उद्या कोणी विचारले की अमुक गावचे पत्र आले आहे का, तर तो सगळी पत्रे चाळत नाही, त्या गावाच्या एकाच खणात पाहतो. सेट आणि डिक्शनरी हेच करतात. वस्तूवरून एक आकडा काढतात, त्या आकड्यावरून खण ठरवतात आणि तेवढाच खण उघडतात. या आकडा काढण्याला हॅशिंग म्हणतात, आणि हान्स पीटर ल्यून यांनी १९५३ साली आयबीएममधील एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली होती. एकाच खणात दोन वस्तू आल्या तर थोडे अधिक पाहावे लागते, पण खण पुरेसे असतील तर असे क्वचित घडते. खण भरत आले की सेट स्वतःच मोठे कपाट घेतो.

फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहू. हंगामात २०,००० पेट्या आल्या आणि बाजारातून विकल्या गेलेल्या २०,००० क्रमांकांची यादी आली, असे धरू. प्रत्येक पेटी विकली गेली का, हे लिस्टमध्ये शोधायचे ठरवले तर सर्वांत वाईट परिस्थितीत ४० कोटी तुलना होतात. विकलेल्या क्रमांकांचा आधी सेट केला तर साधारण २०,००० वेळा खण उघडावा लागतो. पहिल्या पद्धतीत चहा पिऊन होतो, दुसरीत कप उचलण्याआधी उत्तर आलेले असते.

या पद्धतीची एक अट आहे आणि ती विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. खण ज्या मजकुरावरून ठरला, तो मजकूर नंतर बदलता कामा नये. पत्र खणात टाकल्यावर त्याच्यावरचा पत्ता कोणी खोडून बदलला, तर पत्र खणातच असते, पण शोधणारा दुसऱ्याच खणात पाहतो आणि ‘नाही’ असे सांगतो. पायथन म्हणूनच लिस्टला डिक्शनरीची किल्ली होऊ देत नाही. जावा तशी अडवणूक करत नाही, तेथे भान आपल्यालाच ठेवावे लागते.

तेव्हा कलमबाग यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: त्या समूहाला तुम्ही रोज कोणता प्रश्न विचारणार आहात, ते आधी कागदावर मराठीत लिहा. ‘कोणत्या क्रमाने आल्या?’ असा प्रश्न असेल तर लिस्ट घ्या. ‘ही आहे का?’ असा असेल तर सेट. ‘या क्रमांकाच्या पेटीची माहिती काय?’ असा असेल तर डिक्शनरी. ‘पुढचा नंबर कोणाचा?’ असा असेल तर रांग, म्हणजे पायथनमधील ‘डेक’, कारण लिस्टच्या तोंडाकडून एक घटक काढला की मागचे सगळे सरकवावे लागतात.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सायंकाळी ६:५०

टपालखण सर, खणांचे कपाट डोळ्यांसमोर उभे राहिले. मनःपूर्वक आभार.

हर्णैवाला | सोमवार, रात्री ९:३०

सरांच्या ‘पत्ता बदलता कामा नये’ या वाक्यावरून मला आमच्या बंदरावरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तेथे पत्ता बदललेला नव्हता, दिसायलाही तंतोतंत सारखा होता, तरी खण वेगळा निघाला.

मासळीच्या लिलावाचा हिशेब ठेवण्यासाठी मी एक डिक्शनरी केली होती. होडीचे नाव ही किल्ली आणि त्या दिवशीची एकूण विक्री हे मूल्य. एका होडीचे नाव ‘किनाऱ्याची राणी’ असे आहे. आठवड्याच्या शेवटी तिचे तांडेल म्हणाले की सुरमईचे पैसे आले, बांगड्याचे कुठे आहेत? पाहतो तर डिक्शनरीत ‘किनाऱ्याची राणी’ दोन वेळा! दोन्ही नावे मी पडद्यावर एकाखाली एक ठेवली, अक्षर न् अक्षर जुळवले, काहीही फरक दिसेना.

शेवटी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकासाठी ठरलेला क्रमांक, छापून पाहिला. एका नोंदीत ‘ऱ्या’ हे ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून लिहिलेले होते, आणि दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह होते. सकाळी मी लॅपटॉपवर नोंद करतो, दुपारी भाऊ मोबाइलवर करतो, आणि दोघांचे कीबोर्ड वेगळे आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची सोय) चालवून पाहिले, पण हे दोन प्रकार त्याच्या दृष्टीने वेगळेच आहेत, त्यामुळे ते एक झाले नाहीत. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे: एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरे ‘अ’वर चंद्र देऊन केलेले.

आता किल्ली डिक्शनरीत जाण्यापूर्वी मी तिला एका फंक्शनमधून काढतो. ते मागची-पुढची मोकळी जागा काढते, प्रमाणीकरण करते आणि वरचे दोन प्रकार हाताने एकरूप करते. मराठीत नावे घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पालशेत | सोमवार, रात्री १०:०५

अनुभव फार मोलाचा आहे, पण उपाय मला अर्धा वाटतो. नाव ही किल्ली असूच नये. प्रत्येक मासेमारी नौकेला नोंदणी क्रमांक असतो, तो किल्ली म्हणून घ्यावा आणि नाव केवळ दाखवण्यासाठी ठेवावे.

हर्णैवाला | सोमवार, रात्री १०:२०

पालशेत, तुमचे म्हणणे खरे आहे आणि अंतिम हिशेबात आता नोंदणी क्रमांकच आहे. परंतु लिलाव वाळूवर चालतो, टोपलीभोवती माणसांचा गराडा असतो, बोली चढत असते आणि ओरडून सांगितले जाते ते होडीचे नाव. तेथे कोणीही क्रमांक सांगत नाही. म्हणजे नावावरून क्रमांक शोधणारी एक डिक्शनरी लागतेच, आणि तिची किल्ली पुन्हा नावच असते. स्वच्छ करण्याचे काम एका पायरीने मागे गेले, संपले नाही.

तांबडी_माती | मंगळवार, सकाळी ८:१५

मराठीचा विषय निघाला म्हणून क्रम लावण्याविषयी लिहिते. मी गावांच्या याद्या असलेले एक संकेतस्थळ सांभाळते. गावे वर्णानुक्रमे लावली की ‘कोळथरे’ हे ‘कोसुंब’च्या आधी येत असे, आणि गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी ते चूक असल्याचे कळवले. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र त्याची जागा ‘ल’ला लागून आहे, आणि नुसते सॉर्ट केले की संगणक त्या क्रमांकांनीच क्रम लावतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तसेच, ते ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. आयसीयू नावाच्या लायब्ररीत भाषावार वर्णक्रमाचे नियम असतात. मराठी निवडून सॉर्ट केले तेव्हा गुरुजींच्या मनासारखी यादी लागली.

जावास्क्रिप्टमध्ये याहून साधी चूक मी केली होती. दरांची यादी सॉर्ट केली आणि सर्वांत कमी दर म्हणून १२०० वर आला, त्याखाली ४५० आणि मग ९००. तेथे काही न सांगता सॉर्ट केले तर आकड्यांनासुद्धा मजकूर समजून क्रम लावला जातो, आणि मजकूर म्हणून १ हा ४च्या आधी येतो. तुलना कशी करायची हे सांगणारे छोटे फंक्शन द्यावेच लागते. आमच्याकडे काजूगराच्या प्रतींची (दर्जांची) यादी मात्र या चुकीतून वाचली, कारण १८०, २१०, २४०, ३२० हे सगळेच तीन अंकी आहेत.

टपालखण | मंगळवार, सकाळी १०:३०

तांबडी_माती यांच्या लिखाणाला एक पुरवणी जोडतो. पायथनचे सॉर्ट स्थिर असते, म्हणजे ज्या दोन नोंदी तुलनेत सारख्या ठरतात त्यांचा आधीचा क्रम मोडत नाही. त्यामुळे पेट्या आधी वजनाने लावल्या आणि मग गावाने लावल्या, तर प्रत्येक गावात वजनाचा क्रम आपोआप टिकतो. हे टिमसॉर्ट टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिले, आणि यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे ओळखून ते त्यांचा फायदा घेते. बागेतून येणारा माल बहुधा तसाच तुकड्या-तुकड्यांनी क्रमात असतो. जावानेही पुढे ऑब्जेक्टच्या याद्यांसाठी ते स्वीकारले.

सुपारीबाग | मंगळवार, दुपारी ३:००

येथवर सर्वांनी पेटी यादीतून कशी काढावी यावर लिहिले. मला मूळ कृतीच खटकते. पेटी काढायचीच कशाला?

परत गेलेली पेटी ही घडलेली घटना आहे. ती कोणाच्या बागेतली होती, कोणी तपासली, कशामुळे परत गेली, हे पुढच्या वर्षी फवारणी आणि तोडणी ठरवताना बागायतदाराला हवे असते. ती यादीतून पुसली तर हा सगळा इतिहास जातो. माझ्या मते प्रत्येक पेटीची नोंद डेटाबेसमध्ये कायम राहावी, तिला ‘आली’, ‘परत’, ‘रवाना’ अशी स्थिती असावी आणि गाडीची यादी हवी असेल तेव्हा ‘रवाना करण्याजोग्या पेट्या द्या’ अशी क्वेरी करावी. यासाठी सर्व्हर लागत नाही, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस एका फाइलमध्ये चालतो आणि पायथनबरोबर येतो. क्रम हवा असेल तर तो क्वेरीत स्पष्ट मागावा. न मागता मिळालेला क्रम आज बरोबर दिसला तरी उद्या तसाच मिळेल याची हमी नसते.

दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. मे महिन्यात वळिवाचा पाऊस आला की वीज जाते. लिस्ट, सेट, डिक्शनरी हे सारे संगणकाच्या चालू स्मृतीत असते आणि विजेबरोबर तेही जाते. बारा वाजेपर्यंत नोंदलेल्या पेट्या पुन्हा वहीतून भरण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि त्या दिवशी वही होती म्हणून निभावले.

लोखंडी_नांगर | मंगळवार, दुपारी ४:१०

सुपारीबाग यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. मूळ नोंदींना हात न लावता त्यांतून हवी ती यादी काढणे हेच खाडीपलीकडे यांनी पहिल्या प्रतिसादात सांगितले होते. तुम्ही ते कायमच्या साठवणीपर्यंत नेले.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ८:४५

एक शंका राहिली आहे. माझा भाचा पायथन शिकतो. त्याने कालच्या दरांची लिस्ट घेतली, ‘आजचे दर’ या नव्या नावाला दिली आणि आजच्या दरात बदल केले, तर कालचे दरही बदलले. ही पायथनची चूक आहे का?

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री ९:००

ताई, चूक नाही. त्याने नवी यादी केली नाही, एकाच यादीला दुसरे नाव दिले. घरी ‘बाळू’ आणि शाळेत ‘बाळकृष्ण’ म्हटले म्हणून मुले दोन होत नाहीत. त्याला लिस्टची प्रत काढायला सांगा. आणि त्या लिस्टच्या आत पुन्हा लिस्ट असतील, तर वरवरची प्रत पुरत नाही, कारण आतल्या याद्या दोन्हींत त्याच राहतात; तेथे पायथनची ‘डीपकॉपी’ लागते.

कलमबाग | पुढील रविवार, रात्री ८:२०

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि आठवडाभर त्यावर काम केले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

सुपारीबाग यांची सूचना मी स्वीकारली. पेट्या आता एसक्यूलाइटमध्ये राहतात आणि कोणतीही पेटी पुसली जात नाही. तपासणीच्या वेळी हाती लागावी म्हणून त्या दिवसाच्या पेट्यांची पेटी क्रमांकावरून डिक्शनरी केली आहे, वाशीहून विक्रीचे क्रमांक येतात त्यांचा सेट होतो, आणि गाडीत भरण्याचा क्रम तेवढा लिस्टमध्ये आहे. सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक समूहाच्या वर त्याला विचारायचा प्रश्न मराठीत टिप्पणी म्हणून लिहिला आहे. तो लिहिताना एका ठिकाणी प्रश्नच सुचेना, आणि मग लक्षात आले की ती लिस्ट कोणीही वापरत नव्हते.

वहीच्या आधारे या हंगामाच्या सगळ्या गाड्यांच्या याद्या मी नव्याने काढल्या. आणखी दोन गाड्यांत हीच चूक होती, एकीत एक पेटी आणि दुसरीत दोन. तेव्हा वाशीला मोजताना चूक झाली असेल, असे म्हणून विषय सोडून दिला गेला होता. गाडी भरणाऱ्या दोघांना मी स्वतः जाऊन सांगितले की मोजणी त्यांची बरोबर होती.

आधी प्रश्न लिहावा हे टपालखण सरांचे मत मला पटले, तरी मुलांना शिकवण्याची सुरुवात मी लिस्टपासूनच करणार आहे, आणि पहिल्याच दिवशी माझा जुना लूप त्यांच्यासमोर ठेवणार आहे. दोघांपैकी एक मुलगी सुटीत आधीच येऊन बसू लागली आहे. तिला मी २१४ ते २१९ची गोष्ट सांगितली आणि नव्या प्रोग्रामसाठी चाचण्या लिहायला दिल्या. तिने लागोपाठच्या सहा पेट्या घेतल्या, शेवटची पेटी घेतली, शेवटून दुसरी घेतली, आणि मग मी न सांगता एक चाचणी जोडली: त्या दिवशी आलेल्या सगळ्याच पेट्या परत गेल्या तर? यादी बरोबर रिकामी आली, पण सरासरी वजन काढताना प्रोग्रामने शून्याने भागायचा प्रयत्न केला आणि तो बंद पडला. जूनमध्ये शेवटच्या आंब्यांना पाऊस लागतो तेव्हा असा दिवस उगवतो, हे तिला घरच्या बागेमुळे ठाऊक होते. आता अशा दिवशी यादीच्या जागी ‘आज गाडी नाही’ एवढीच ओळ छापली जाते. ती ओळ तिने लिहिली आहे.